बदल्यात काय?

ऑफिसच्या मेलमध्ये ‘ट्रान्झिशन’ हा शब्द दिसला की पोटात गोळा येतो ना? घाबरण्याआधी शब्दाचं मूळ बघा. त्यासाठी लॅटिनचा क्लास लावायला नको. पोलादपूरच्या पुढचा घाट चढलात तरी पुरे!

सोमवारची सकाळ, हातात कॉफी आणि इनबॉक्समध्ये एचआरचा मेल. सब्जेक्ट लाइन एकदम झकास: ‘एक्सायटिंग चेंजेस अहेड’. आत काय? ट्रान्झिशन, ट्रान्सफॉर्मेशन, मायग्रेशन, कन्व्हर्जन... चार परिच्छेद संपतात आणि खुर्ची राहणार की जाणार, हे काही कळत नाही. शब्द मात्र सगळे भारदस्त, सूट-बूट घातलेले.

या शब्दांचा सूट उतरवला तर आत अगदी साधी माणसं सापडतात. वळणं, ओलांडणं, वाहून नेणं, देवाणघेवाण करणं. दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोमन शेतकऱ्याच्या किंवा ग्रीक व्यापाऱ्याच्या रोजच्या बोलण्यातली ही क्रियापदं. त्यातली काही तर आपल्या संस्कृत-मराठी शब्दांची सख्खी चुलत भावंडं!

म्हणून या आठवड्यात डिक्शनरी सॅकमध्ये टाका, आपण कुडपणला जाऊया. रायगड जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला पोलादपूर तालुका आणि त्यात वर सह्याद्रीच्या अंगाला चिकटलेलं हे गाव. सातारा आणि रत्नागिरी जिल्ह्यांच्या हद्दी इथून जवळच. पावसाळ्यात ‘भीमाची काठी’ या धबधब्याचे फोटो तुमच्या मोबाइलवर नक्की येऊन गेले असतील. पण आपण फोटो काढायला नाही चाललो. बदलाबद्दलचा जवळजवळ प्रत्येक मोठा इंग्रजी शब्द या महाड-पोलादपूरच्या पट्ट्यात माणसांनी प्रत्यक्ष अंगावर घेतलाय. डिक्शनरीत नुसता अर्थ मिळतो, इथे त्याची किंमतही कळते.

चेंज: आधी सुट्टे द्या!

सुरुवात सगळ्यात सोप्या शब्दापासून. ‘चेंज’ इंग्रजीत आला फ्रेंचमधून आणि फ्रेंचमध्ये आला उत्तरकाळातल्या लॅटिनमधल्या ‘कांबियारे’ या क्रियापदातून. अर्थ? अदलाबदल करणं. एक वस्तू द्यायची, दुसरी घ्यायची. स्पेन-इटलीत फिरायला गेलात तर परकी चलन बदलून देणाऱ्या खिडकीवर ‘काम्बियो’ अशी पाटी दिसते, ती याच घराण्यातली. बसमध्ये कंडक्टर ‘चेंज द्या’ म्हणतो, तेव्हा तो नकळत शब्दाचा मूळ अर्थच वापरत असतो.

आता आपला ‘बदल’ घ्या. हा मूळचा अरबी. फारसीचं बोट धरून मराठीत आला आणि इथलाच झाला. अरबीत त्याचा अर्थ एकाच्या जागी दुसरं. त्याची मराठीतली भावंडं आठवा: बदला, बदली, अदलाबदल आणि... मोबदला! म्हणजे गंमत बघा. दोन वेगळ्या भाषा, दोन वेगळी कुळं, पण रोजच्या वापरातला ‘बदल’ दोघींनी बाजारातूनच उचलला. दोघींच्या मते बदल हा सौदा आहे. काहीतरी जातं, त्याच्या जागी काहीतरी येतं.

हा अर्थ सगळ्यात जास्त कुणाला कळला असेल तर गिरणगावातल्या ‘बदली’ कामगाराला. कोकणातून, साताऱ्याकडून, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातून पिढ्यानपिढ्या माणसं मुंबईच्या कापड गिरण्यांत आली. गावच्या मंडळींची एखादी भाड्याची खोली, त्यात पाळ्या लावून झोपणारे डझनभर पुरुष आणि पहाटे भोंगा व्हायच्या आत गेटवर हजेरी. कायम कामगारांपैकी कुणी आला नाही तर त्याच्या जागी बदलीवाल्याला काम. सगळे आले तर आल्या पावली परत. काही जणांची उमेदीची कितीतरी वर्षं अशी कुणाच्या तरी गैरहजेरीवर गेली. ‘एकाच्या जागी दुसरं’ हा अरबी अर्थ मुंबईत असा माणसाच्या रूपात गेटवर उभा असायचा.

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. संप अधिकृतपणे कधी मागे घेतला गेलाच नाही, गिरण्याच हळूहळू गेल्या. त्यांच्या जागी आज मॉल आहेत, काचेची ऑफिसं आहेत. लोअर परळला उतरून कार्ड स्वाइप करणाऱ्या आपल्यापैकी अनेकांची डेस्कं त्याच जमिनीवर आहेत. चेंज झाला ना? झालाच. पण मोबदला कुणाला मिळाला, हा प्रश्न त्या शब्दाच्या पोटातच आहे. विचारला नाही, तर तो चेंज नव्हे. नुसतंच ‘गेलं’.

व्हर्ट: वळणाची वाट

आता दुसरं कुळ. लॅटिनमध्ये ‘वर्तेरे’ म्हणजे वळणं किंवा वळवणं. यातून किती पोरं झाली बघा: कन्व्हर्ट, रिव्हर्स, डायव्हर्ट, इन्व्हर्ट, व्हर्जन, कॉन्ट्रोव्हर्सी. अ‍ॅनिव्हर्सरी म्हणजे वर्षाचं फिरून येणं. तुमचं ‘वर्क अ‍ॅनिव्हर्सरी’चं कार्टूनवालं कार्डसुद्धा त्यातलंच.

उच्चार ओळखीचा वाटतोय? वाटणारच. संस्कृतचा ‘वृत्’ हा धातू आणि लॅटिनचं ‘वर्तेरे’ एकाच आजीची नातवंडं आहेत. परिवर्तन, आवर्तन, वर्तुळ, वर्तन, वृत्त ही सगळी ‘वृत्’ची. सॉफ्टवेअरवाले ज्याला ‘व्हर्जन’ म्हणतात, त्याला पुस्तकवाले ‘आवृत्ती’ म्हणतात. अर्थ तोच, मूळही तेच! देवापुढच्या निरांजनात वळून ठेवलेली ‘वात’ आणि पायाखालची ‘वाट’, हे शब्दही भाषा-अभ्यासक याच धातूपर्यंत नेतात.

कुडपणच्या घाटवाटेवर हे पटायला वेळ लागत नाही. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला दरी आणि रस्ता सतत वळतोय. प्रत्येक वळणाला समोरचं चित्र नवीन. पण गाडी तीच, आत बसलेले तेच. ‘व्हर्ट’ कुळाचा फंडा नेमका हा आहे. वस्तू तीच राहते, तोंड बदलतं. कंपनी बिझनेस ‘डायव्हर्ट’ करतेय म्हणजे दिशा बदलतेय. तुम्ही गाडीत आहात की रस्त्याच्या कडेला उतरवलंय, ते वेगळं विचारावं लागेल.

ट्रान्स: पलीकडे कसं जायचं?

एचआरचा सगळ्यात लाडका उपसर्ग हा. ‘ट्रान्स’ म्हणजे पलीकडे, ओलांडून. याचाही नातेवाईक आपल्या घरी आहे. संस्कृतमधला ‘तॄ’ म्हणजे ओलांडणं, पार होणं. त्यावरून तरणे, तारू, उतरणे, उतारू. कोकणात खाडी ओलांडणाऱ्या होडीला ‘तर’ म्हणतात, तीही यातलीच. महाबळेश्वरला उगम पावणारी सावित्री पोलादपूर आणि महाडवरून जात बाणकोटच्या खाडीत समुद्राला मिळते. तिच्या काठच्या लोकांना ‘ट्रान्स’ समजावून सांगायला नको.

गंमत पुढच्या अर्ध्या भागात आहे. ‘ट्रान्झिशन’मध्ये ‘इरे’ आहे, म्हणजे जाणं. ओलांडून तुम्ही जाता, तुमच्या पायांनी. ‘ट्रान्सफर’मध्ये ‘फेर्रे’ आहे, म्हणजे वाहून नेणं. तुम्हाला कुणीतरी उचलून पलीकडे ठेवतं. ‘ट्रान्सफॉर्म’मध्ये ‘फोर्मा’ आहे, म्हणजे आकार. पलीकडे पोचेपर्यंत तुमचा आकारच बदलतो. आता तो मेल परत वाचा. ‘स्मूथ ट्रान्झिशन’ असं लिहिलंय, पण कुठे जायचं आणि कधी, यातलं काहीच तुमच्या हातात नसेल, तर राजे हो, ती ट्रान्सफर आहे. शब्द तेवढा चालणाऱ्याचा, अवस्था मात्र उचलून नेलेल्या सामानाची.

ग्रीकमध्ये हेच काम ‘मेटा’ करतो. ‘मेटामॉर्फोसिस’ म्हणजे रूपाचं पलटणं, अळीचं फुलपाखरू. ‘मेटाबोलिझम’ही बदलाच्याच ग्रीक शब्दातून आलेला. पोटात गेलेल्या वडापावाचं तुमच्यात रूपांतर! आणि ‘मेटाफर’ म्हणजे अक्षरशः वाहतूक, एका शब्दाचा अर्थ दुसऱ्यावर लादून नेणं. अथेन्सच्या रस्त्यांवर सामान हलवणाऱ्या ट्रकवर आजही हाच शब्द लिहिलेला असतो. २०२१ मध्ये फेसबुक कंपनीनं स्वतःचं नाव ‘मेटा’ केलं, तेव्हा अर्थ सांगितला ‘पलीकडे’. ठीक आहे. पण जुन्या ग्रीकमध्ये त्याचे ‘सोबत’ आणि ‘नंतर’ असेही अर्थ आहेत, हे ब्रँडिंगवाले कशाला सांगतील!

अंतर: आपली घरची फॅक्टरी

लॅटिनकडे ‘ट्रान्स’, ग्रीककडे ‘मेटा’, मग आपल्याकडे काय? आपल्याकडे ‘अंतर’. रूपांतर, भाषांतर, स्थलांतर, वेषांतर, नामांतर, धर्मांतर आणि अर्थातच पक्षांतर! कुठलाही शब्द पुढे लावा, बदल तयार. या ‘अंतर’चा संस्कृतमधला अर्थ ‘दुसरा, वेगळा’. इंग्रजीतला ‘अदर’ हा त्याचाच नातेवाईक मानतात. रोजच्या मराठीत मात्र आपण ‘अंतर’ म्हणतो ते दोन ठिकाणांमधल्या लांबीला. त्यामुळे मराठी कानाला प्रत्येक बदलात एक प्रवास ऐकू येतो. स्थलांतर म्हणजे दुसरं स्थळ, आणि मध्ये कुडपण ते मुंबई एवढा पल्ला.

यातलं सगळ्यात सोपं दिसणारं काम म्हणजे नामांतर. पाटी काढली, पाटी लावली. पण तसं नसतं. महाड तालुक्यातल्या रायगडावर १६७४ मध्ये शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला, त्या सुमारास दरबारातल्या पदांची फारसी नावं बदलली. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव, वाकनिसाचा मंत्री, डबिराचा सुमंत, सरनौबताचा सेनापती. फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा ‘राज्यव्यवहारकोश’ही महाराजांच्या आज्ञेनं तयार झाला. म्हणजे हा ‘रीडेझिग्नेशन’चा आपल्याकडचा फार मोठा प्रकल्प.

टिकलं काय? सचिव आणि मंत्री आज मंत्रालयात बसतात. पण पेशव्याचा ‘मुख्य प्रधान’ केला, तरी लोकांच्या तोंडी पेशवाच राहिला आणि पुढे अख्ख्या कालखंडाला पेशवाई म्हणायला लागले. आणि ‘बदल’ हा शब्द? तो बाहेरून आलेला असूनही कुणाला बदलता आला नाही! १९८१ मध्ये कुलाबा जिल्ह्याचं नाव रायगड झालं, तेही लोकांनी असं उचललं, की आज ‘कुलाबा जिल्हा’ म्हटलं की नवी पिढी दक्षिण मुंबईत शोधायला जाते. हुकूम काढणं कुणालाही जमतं. शब्द राहणार की जाणार, ते बोलणारा ठरवतो.

रिव्हॉल्युशन: ठराव आणि पाऊल

हल्ली शाम्पूच्या बाटलीवरसुद्धा ‘रिव्होल्युशनरी’ असतं. म्हणून या शब्दाकडे जरा नीट बघूया.

लॅटिन ‘रेवोल्वेरे’ म्हणजे मागे फिरवणं, गोल फिरून येणं. म्हणून हा शब्द आधी आकाशातला. कोपर्निकसनं १५४३ मध्ये ग्रह-गोलांच्या फिरण्यावर जे पुस्तक काढलं, त्याच्या लॅटिन नावात ‘रिव्हॉल्युशन’ आहे, पण दंगा नाही. ग्रह फिरतो आणि पुन्हा मूळ जागी येतो. राजकारणातला आजचा अर्थ, म्हणजे जुनं उलथून नवं आणणं, घट्ट झाला १७८९ च्या फ्रेंच राज्यक्रांतीनंतर.

आपला ‘क्रांती’ही आकाशातूनच खाली आलाय! सूर्याच्या भासमान मार्गाला ‘क्रांतिवृत्त’ म्हणतात. सूर्य एका राशीतून दुसरीत गेला की ‘संक्रांत’. पण मूळ धातू वेगळा. ‘क्रम्’ म्हणजे पाऊल टाकणं. रिव्हॉल्युशन गोल फिरते, क्रांती पाऊल टाकते. हा फरक बघायचा असेल तर पोलादपूरहून खाली महाडला उतरा.

१९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनंही चवदार तळं सगळ्यांना खुलं असल्याचा ठराव केला. आता ‘ठराव’ हा शब्दच बघा. ‘ठरणे’वरून आलेला. ठरलं, थांबलं. कागदावर बदल झाला आणि तिथेच ठरून राहिला. तळ्यातलं पाणी होतं तिथेच, माणसं होती तिथेच.

२० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि हजारो लोक परिषदेच्या जागेहून मिरवणुकीनं तळ्यापर्यंत चालत गेले आणि ते पाणी प्यायले. बस्स, एवढंच. कुणाचं सिंहासन उलथलं नाही, तोफ उडाली नाही. फक्त पावलं टाकली. ‘क्रम्’ या धातूचा इतका शब्दशः अर्थ मला तरी दुसरीकडे दिसलेला नाही.

आणि लॅटिनवालं ‘मागे फिरणं’ही लगेच आलं. चालत परतणाऱ्यांवर हल्ले झाले, तळ्याचं ‘शुद्धीकरण’ झालं, ऑगस्ट १९२७ मध्ये नगरपालिकेनं आपलाच ठराव मागे घेतला. डिसेंबर १९२७ मध्ये बाबासाहेब पुन्हा महाडला आले, २५ तारखेला मनुस्मृतीचं दहन झालं. तळ्याचा दावा कोर्टात लढला गेला आणि १९३७ मध्ये मुंबई हायकोर्टानं अस्पृश्यांच्या बाजूनं निकाल दिला. पाऊल टाकल्यापासून दहा वर्षं!

नामांतराचंही तसंच. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला जुलै १९७८ मध्ये आणि नामविस्तार प्रत्यक्षात आला १४ जानेवारी १९९४ ला. मधल्या काळात घरं जळली, माणसं मेली, लाँग मार्च निघाला. आणि शेवटी दिवस कुठला मिळाला? संक्रांतीचा.

म्हणून पुढच्या वेळी कुणी ‘पॉलिसी चेंज झालीय’ असं सांगितलं की शांतपणे विचारा: ठराव झालाय, की कुणी पाऊल टाकलंय?

कॅटास्ट्रॉफी: खाली वळलेलं

ग्रीकमध्ये ‘काटा’ म्हणजे खाली आणि ‘स्ट्रोफे’ म्हणजे वळण. कॅटास्ट्रॉफी म्हणजे सगळं उलथून खाली येणं. ग्रीक नाटकाच्या शेवटच्या, सत्यानाशाच्या वळणाला हा शब्द वापरत.

२२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातल्या तळीये गावावर डोंगर आला. ऐंशीहून अधिक माणसं गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीवरही दरडी कोसळल्या. महाड शहर त्याच दिवसांत पुराच्या पाण्याखाली होतं. इथे शब्दांचा खेळ करावासा वाटत नाही. फक्त पुढे काय झालं, त्याचे दोन शब्द बघूया.

अशा गावांसाठी इंग्रजीत म्हणतात ‘रीहॅबिलिटेशन’. त्यात लॅटिन ‘हाबिलिस’ आहे, म्हणजे सक्षम. माणसाला पुन्हा आपल्या पायावर उभं राहण्याजोगं करणं. आपण म्हणतो ‘पुनर्वसन’, म्हणजे पुन्हा वसवणं, पुन्हा राहायला जागा देणं. एका शब्दाला घर दिलं की काम संपल्यासारखं वाटतं. दुसरा शब्द विचारतो: शेत केवढ्या अंतरावर गेलं? गुरं कुठे बांधायची? शेजारी कोण आलं? सरकारी कागदावर यातला कुठला शब्द डोक्यात ठेवून सही होते, त्यावर माणसांचं पुढचं आयुष्य ठरतं. डोंगराच्या कुशीतल्या प्रत्येक वाडीला, कुडपणलासुद्धा, पावसाळ्यात हा प्रश्न लागू आहे.

म्यूटेशन: सातबाऱ्यावरचा व्हायरस?

शेवटचं कुळ ‘मुतारे’चं. मराठी कानाला जरा अवघड, पण हसू आवरा! लॅटिनमध्ये अर्थ बदलणं, अदलाबदल करणं. यातून आलेला तुमचा रोजचा शब्द म्हणजे ‘कम्यूट’. एकोणिसाव्या शतकात अमेरिकन रेल्वेनं रोज येणाऱ्या-जाणाऱ्यांना अनेक सुट्ट्या तिकिटांच्या बदल्यात एकच स्वस्त तिकीट द्यायला सुरुवात केली. ते ‘कम्यूटेशन’ तिकीट आणि ते वापरणारा ‘कम्यूटर’. म्हणजे आपला पासवाला! फाशीची जन्मठेप होते तेही कम्यूट आणि निवृत्त होताना बाबा पेन्शनचा काही भाग एकरकमी घेतात तेही कम्यूटच. सगळीकडे देवाणघेवाण. विरारहून चर्चगेटला येताना तुम्ही रोजचे तीन तास देता. बदल्यात पगार घेता.

‘म्यूटेशन’ हा शब्द २०२०-२१ मध्ये कोरोनानं घरोघरी पोचवला. पण तुमचं गाव कुडपण, पोलादपूर किंवा महाराष्ट्रात कुठेही असेल, तर तो त्याच्या कितीतरी आधीपासून तुमच्या घरात आहे. जमिनीच्या नोंदींमध्ये ‘म्यूटेशन एन्ट्री’ म्हणजे आपला ‘फेरफार’. गाव नमुना सहा ही फेरफार नोंदवही. आजोबा गेले, जमीन विकली, वाटणी झाली की त्यात नोंद होते. संबंधितांना नोटीस जाते, हरकतीला मुदत मिळते, मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो आणि मग सातबाऱ्यावर नाव चढतं किंवा उतरतं. एक लक्षात ठेवा. फेरफार म्हणजे मालकी हक्काचा दाखला नव्हे, ती महसुलासाठीची नोंद आहे, असं कोर्टांनी वारंवार सांगितलंय. पण गावात सातबाऱ्यावर नाव नसलेल्या माणसाला कोण विचारतो?

आणि इथे आपण परत पहिल्या शब्दाशी येतो. मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांच्या बरोबरीचा हक्क महाराष्ट्रानं १९९४ मध्येच दिला. २००५ मध्ये हिंदू वारसा कायद्यातल्या दुरुस्तीनं तो देशभर आला. ११ ऑगस्ट २०२० ला सुप्रीम कोर्टानं स्पष्ट केलं, की ९ सप्टेंबर २००५ ला वडील हयात असण्याची अटही नाही. म्हणजे ठराव पक्का आहे. पण प्रत्यक्षात? वारस नोंदीत बहिणींची नावं लागतात आणि मग एक दिवस फोन येतो. ‘ताई, एक सही हवी होती. हक्कसोडपत्र. फॉर्मॅलिटीच आहे गं.’ ताई बोरिवलीत किंवा बाणेरला नोकरी करणारी, एमबीए झालेली, क्लायंटच्या कॉन्ट्रॅक्टमधला एकेक कॉमा तपासणारी. इथे मात्र न वाचता सही करते. का? कारण नाही म्हटलं तर माहेर तुटेल. दिवाळीला भावाकडे जायचं तोंड राहणार नाही. सही केली की साडी मिळते, गणपतीत चार दिवस मान मिळतो.

लॅटिनमध्ये ‘म्यूटेशन’, मराठीत ‘फेरफार’, अरबीत ‘बदल’. तिन्ही शब्द तिला एकच प्रश्न विचारायला सांगतायत आणि तो विचारायला भांडण करायची गरज नाही. कुणी म्हणेल, जमीन आहेच केवढी! घाटमाथ्याखालची खडकाळ गुंठे-दोन गुंठे, वर्षातून एक नाचणीचं पीक. असू दे. ती समजून-उमजून सोडली तर तो तिचा निर्णय, आणि भावावरच्या प्रेमापोटी सोडली तर त्यातही काही कमीपणा नाही. पण आधी कागद वाचायचा, गट नंबर बघायचा, क्षेत्र बघायचं. कायदा जाणणाऱ्या एखाद्या मैत्रिणीला दाखवायचा. आणि मग भावाला, चहा पिता पिता, जसा आपण व्हेंडरला विचारतो तितक्याच सहजपणे विचारायचं: ‘दादा, बदल्यात काय?’